राणीछाप, ग्रेड ए

कोणतीही वस्तू हातात आली की तिचा दर्जा सांगून मोकळं व्हायचं, ही गुणवंतरावांची सवय नव्हती, तो त्यांचा धर्म होता. आरमोरीच्या धान खरेदी केंद्रावर त्यांचा उभा जन्म गेला. पोत्यात हात घालायचा, मूठभर धान तळव्यावर घ्यायचं, हलकी फुंकर मारायची आणि एक दाणा दाताखाली धरायचा. कट्ट वाजला तर वाळलेला, नुसताच दबला तर ओला. मग डोळे मिटून, देवळातल्या पुजाऱ्यासारखं सांगायचं, "ग्रेड ए." नाहीतर, "साधारण." त्यांनी साधारण म्हटलेलं धान साक्षात इंद्राच्या बांधीत पिकलेलं असतं, तरी साधारणच राहिलं असतं!

निवृत्त झाल्यावर धान हातातून गेलं, पण दात जागेवर होते. मग ते दुपारी ओसरीतल्या बाजेवर पडून जगाला ग्रेड देऊ लागले. शेजाऱ्याचा जावई साधारण. नवा रस्ता साधारण, त्यात ओलावा जास्त. फागुन सरता सरता मोहफुलांचा वास गावावरून वाहू लागला की त्यांचे डोळे आपोआप मिटत, आणि झोप व जाग यांच्या मधल्या बांधावर ते तासन् तास बसून राहत. तो वास मात्र ग्रेड ए, असं ते झोपेतच पुटपुटत.

अशाच एका दुपारी त्यांची साळी, म्हणजे बायको रंभाबाईची धाकटी बहीण चंचल, लग्नाची पत्रिका घेऊन आली. तिची मुलगी उर्वशी चंद्रपूरच्या दवाखान्यात नर्स होती, तिचं लग्न ठरलं होतं. पत्रिका झाली, कुंकू झालं, पाणी झालं. मग बोलणं ओटीवर आलं.

या दोघी बहिणींच्या माहेरी एक रीत होती. त्यांच्या आईजवळ राणीछाप चांदीचे दोन रुपये होते. घरातल्या मुलीचं लग्न असलं की नवरीच्या ओटीत तांदूळ घालायचे, त्या तांदळावर राणी ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी ती परत घ्यायची. आई गेली आणि दोघींच्या वाट्याला एकेक राणी आली. धाकट्या चंचलची राणी ट्रंकेत, जुन्या सुती फडक्यात राहिली, तिच्यावर मोरपिसासारखी निळी-जांभळी झाक चढली. थोरल्या रंभाबाईची राणी चुलीजवळच्या कोनाड्यात राहिली आणि तव्यासारखी काळी झाली.

चंचल थोरल्या बहिणीला म्हणाली, "बाई, तू ओटीत तांदूळ टाक, हळकुंड टाक. रुपया माझाच ठेवू. तुझा तं मायनं मार्कंड्याच्या जत्रेतून आणला होता न."

तिचं म्हणणं असं की, आईची एक राणी फार पूर्वी रोवणीच्या चिखलात पडली, सापडली नाही. मग जोडी मोडू नये म्हणून आईने जत्रेतून गिलटाची एक आणून ठेवली. तीच थोरलीच्या वाट्याला आली. हे ती वाईट मनाने बोलत होती असंही नाही, पावसाचा अंदाज सांगावा तसं बोलत होती. पण पोरीच्या ओटीत खोटा रुपया नको, हे तिने दोनदा सांगितलं.

रंभाबाई चहा करायला गेली. त्या चहात साखर नव्हती, आणि ती विसरून राहिलेली नव्हती.

चंचल गेल्यावर रंभाबाईने कोनाड्यातला रुपया काढला आणि नवऱ्याच्या बाजेशी येऊन उभी राहिली.

"मायनं मले खोटा देला असंल का जी?"

गुणवंतरावांनी रुपया घेतला. उलटा केला, सुलटा केला, फुंकर मारली. शेवटी दाताखाली धरला. कट्ट वाजला नाही, दबलाही नाही. सगळ्या आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या दातांना काही कळलं नाही. पण बायको समोर उभी होती आणि तिचे डोळे भरलेले होते, तेव्हा साधारण म्हणायची सोय नव्हती. ते म्हणाले, पाहू.

आणि त्याच आठवड्यात पेपरात आलं. चंद्रपूरला जुन्या नाण्यांचं प्रदर्शन भरणार होतं. तिथे जाणकार लोक नाणं तपासून खरं-खोटं सांगणार, त्याला ग्रेड देणार, आणि सीलबंद डबीत घालून प्रमाणपत्र देणार. बाकीचा मजकूर गुणवंतरावांनी वाचलाच नाही. ग्रेड या शब्दावरच त्यांची नजर बसली, जशी मैना कणसावर बसावी.

"आता पाहा," ते बायकोला म्हणाले. "ग्रेड म्हणजे काय असते हे मले सांगाची गरज नाई. तुया रुपयाले मी ग्रेड ए आणून देतो. चंचल हात जोडून मांगंल तुया रुपया."

त्या दुपारी त्यांना स्वप्न पडलं. खरेदी केंद्रावर रांग लागली होती आणि रांगेत स्वतः राणी उभी होती. डोक्यावर मुकुट, मुकुटावर चुंबळ, चुंबळीवर धानाचं पोतं. तोंड तव्यासारखं काळं. मोहफुलं टपटप तिच्या खांद्यावर पडत होती. जवळ येऊन ती हळूच म्हणाली, "गुणवंतराव, मले साधारणमदी टाकू नका जी." आणि त्यांनी झोपेतच तिला वचन दिलं.

जागे झाल्यावर त्यांना सगळं लख्ख कळलं. केंद्रावर लोक काय करत? धान आणण्याआधी पाखडत, काडीकचरा काढत, उन्हात वाळवत. मळकं, काळं पडलेलं धान घेऊन कोणी ग्रेड मागायला येतं का? मग राणीला तसंच काळ्या तोंडाने कसं न्यायचं!

रंभाबाई म्हणाली, राहू द्या जसा आहे तसा, मायच्या हातचा आहे. पण ज्याने आयुष्यभर धान पारखलं त्याच्यापुढे ती काय बोलणार. तिने रुपया दिला आणि जपा म्हणाली.

गुणवंतरावांनी राणी आधी उन्हात वाळवली. ओलावा गेला असं त्यांना वाटलं. मग रात्रभर चिंचेत भिजवली. सकाळी राखेने घासली. काळं गेलं, राखाडी आलं. मग भांड्यांची पावडर झाली, मग टूथपेस्ट झाली. राणीचे केस मोकळे झाले, मुकुट दिसू लागला, गाल उजळले. शेवटी शेवटी तर ती त्यांच्याकडे पाहून हसते आहे असं त्यांना वाटलं. पण गळ्याशी, मण्यांच्या फटीत, काळी रेघ काही केल्या निघेना.

"पॉलिश पायजे," गुणवंतराव स्वतःशी म्हणाले आणि चप्पल घालून निघाले.

गावाच्या टोकाला प्रफुलची राइस मिल होती. धान एका बाजूने आत जाई, भुसा वेगळा होई, तांदूळ पॉलिशच्या मशीनमधून निघे आणि दुसऱ्या तोंडाने शुभ्र होऊन पोत्यात पडे. कोंड्याच्या धुराळ्यात ती मिल नेहमी ढगात असल्यासारखी दिसे. त्या ढगात उभा राहून गुणवंतरावांनी प्रफुलला आपला विचार सांगितला. प्रफुलने मशीनकडे पाहिलं, रुपयाकडे पाहिलं, मग गुणवंतरावांकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

"भाऊ, हे तांदळाचं मशीन हाये."

"तेच तं. तांदळाचा दाणा तुटत नाई, तं राणी काऊन तुटंल?"

तरी प्रफुल नाहीच म्हणाला आणि चहा घ्यायला बाहेर गेला. मशीन चालूच होतं. जंगलाकडच्या टोल्यावरची, त्या लहानशा वस्तीतली मंगली तिचं धान भरडून घेत होती आणि तिचं शेवटचं पोतं भरत होतं. गुणवंतरावांनी खिशातून दोरा काढला. रुपयाला आडवा-उभा घट्ट गुंडाळला, गाठ मारली, आणि विहिरीत बादली सोडावी तसा मशीनच्या तोंडात अलगद सोडला. कोंडा उडत होता, तांदूळ झुळझुळ वाहत होता, मशीन एकसुरी गुणगुणत होतं. त्यांचे डोळे मिटू लागले. राणी दुधाच्या नदीत आंघोळ करते आहे असं त्यांना दिसलं.

मग खडखड असा आवाज झाला. त्यांनी दोरा ओढला. दोरा आला. राणी आली नाही.

प्रफुल धावत आला, मशीन बंद केलं, झाकण उघडलं, चाळणी काढली, कोंड्याचा ढीग उपसला. या सगळ्यात तो जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण त्यात गुणवंतरावांच्या ग्रेडचा उल्लेख होता. राणी कुठेच नव्हती. म्हणजे ती तांदळाबरोबर पुढे गेली. आणि तांदूळ? मंगलीचा नवरा झाडू याने पोती टेम्पोत टाकली होती आणि या शोधाशोधीतच टेम्पो निघून गेला होता.

गुणवंतराव प्रफुलची मोटारसायकल मागून घेऊन त्या टोल्याकडे निघाले. वाट जंगलातून होती. दोन्ही बाजूंनी मोहाची झाडं, खाली जमीन झाडून साफ केलेली, आणि तिच्यावर पिवळसर फुलांचा सडा. ऊन पानांतून गळत होतं. दुसरा कोणताही दिवस असता तर त्यांनी गाडी थांबवून त्या सावलीला ग्रेड दिला असता. आज त्यांना फक्त रंभाबाईचे भरलेले डोळे दिसत होते. आईने खोटा दिला की खरा, हे विचारायला तिने रुपया दिला होता, आणि आता खराही गेला, खोटाही गेला.

मंगली अंगणात सूप घेऊन बसली होती. समोर तांदळाची रास, बाजूला वाळत घातलेली मोहफुलं. गुणवंतराव गाडीवरून उतरले, घसा साफ केला, आणि तिला काय विचारावं ते त्यांना सुचेना. तुमच्या तांदळात माझी राणी आहे का, असं कसं विचारायचं?

मंगलीनेच सुटका केली. तिने पदराची गाठ सोडली आणि रुपया पुढे धरला. सुपात तांदळाबरोबर उडाला आणि टणकन वाजला, म्हणाली. झाडू म्हणत होता की मिलवाल्याचा असेल, उद्या नेऊन देऊ.

"भाऊ, तुमच्या इथी तांदळात खडे निघत," ती म्हणाली. "आता चांदी निघून राह्यली. आमी तं रोजच भरडून घेऊ."

तिने मूठभर मोहफुलंही दिली. गुणवंतरावांनी रुपया उन्हात धरला. आरशासारखा पांढराशुभ्र! गळ्याची काळी रेघ गेली होती. सोबत राणीच्या नाकाचा शेंडाही गेला होता आणि गालावर बारीक ओरखड्यांची जाळी उठली होती. पण ते लांबून पाहिलं तर दिसत नाही, असं त्यांनी ठरवलं. घरी येऊन त्यांनी रंभाबाईला फक्त चकाकी दाखवली.

चंद्रपूरला दोघंही एसटीने गेले. प्रदर्शनाच्या हॉलमध्ये काचेच्या पेट्या होत्या, पेट्यांत राजे झोपले होते, आणि एका टेबलाशी कुलदीप नावाचा जाणकार माणूस डोळ्याला भिंग लावून बसला होता. गुणवंतरावांनी रुपया त्याच्यापुढे असा ठेवला, जसा आपण होऊन परीक्षकाला पेढा द्यावा.

कुलदीपने रुपया कडेने धरला. भिंगातून पाहिला, काट्यावर ठेवला, पुन्हा पाहिला. मग भिंग काढून विचारलं, हे कोणी केलं?

"मी," गुणवंतराव म्हणाले. त्यांना वाटलं, आता तो उभा राहील.

तो उभा राहिला नाही. त्याने हळू आवाजात, घरी कोणी गेल्यासारखं समजावून सांगितलं. चांदीवर जो काळेपणा येतो तो मळ नसतो. तिचं वय असतं. वर्षानुवर्षं हवा लागून ती साय धरते, आणि त्या सायीखाली टांकसाळीतून निघाल्या दिवशीची चमक जपलेली असते. जाणकार तीच पाहतो. घासलं की साय जाते, चमक जाते, धातूही जातो. हा रुपया तोळ्याला केसभर कमी भरत होता. असं नाणं कोणीही ग्रेडच्या आकड्यात बसवत नाही. म्हणून तर सीलबंद डबी आणि प्रमाणपत्र लागतं. घेणाऱ्याला कळावं की हे नाणं कोण आहे आणि त्याच्यावर काय गुजरलं आहे. उगाच कोणाच्या शब्दावर, कोणाच्या दातावर काम चालत नाही.

दात हा शब्द तो सहज बोलला होता. गुणवंतरावांनी तोंड मिटून घेतलं. ते राणीच्या नसलेल्या नाकाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे, बियाण्याचं धान मी भरडून आणलं."

कुलदीपला धानातलं कळत नव्हतं, पण तो हो म्हणाला.

इतका वेळ रंभाबाई पदर घट्ट धरून उभी होती. यातलं अर्धं तिच्या कानांपर्यंत पोचलंच नव्हतं. ती पुढे झाली.

"साहेब, खरा हाये का खोटा, तेवढंच सांगा."

"खरा आहे बाई. अगदी अस्सल. त्यात शंकाच नाही."

रंभाबाई जवळच्या खुर्चीत बसली.  नुसती खिडकीबाहेर पाहत राहिली, जणू चिखलात रोवणी करणारी कोणी बाई तिला लांब, पाण्याच्या चकाकीत दिसत होती आणि ती कंबर सरळ करून थोरलीकडे पाहत होती.

निघताना कुलदीपने विचारलं, याच्या जोडीचा आणखी आहे का? असला, आणि त्याच्यावर निळी-जांभळी झाक असली, तर त्याला बोट लावू नका. फडक्यासकट घेऊन या. तशी झाक असलेला रुपया तो वर्षभर शोधत होता.  रंभाबाई म्हणाली, आहे एक.

रुपया डबीत बंद करायला कुलदीपकडेच ठेवला होता, काही दिवसांनी कुरिअरने डबी आली. काचेसारखी पारदर्शक, चारही बाजूंनी बंद. आत पांढरीशुभ्र राणी आणि वर इंग्रजीत छापलेली पट्टी. ही डबी उघडली की प्रमाणपत्र गेलं, असं कुलदीपने बजावलं होतं. म्हणून लग्नात रंभाबाईने नवरीच्या ओटीत तांदूळ घातले, हळकुंड ठेवलं आणि वरून ती डबी ठेवली.

मांडवात कुजबुज झाली. कोणाला ती मोबाईलची काच वाटली, कोणाला मोहर्लीच्या वाघ-सफारीचा पास. चंचल पुढे आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली की, बाई, काय ठेवलं ते सांग तं.  उर्वशीनेच मुंडावळ्या बाजूला करून डबी वर धरली आणि पट्टी वाचली. नर्सबाईच ती, औषधाच्या बाटलीवरचं वाचायची सवय. तिने मराठीत मोठ्याने सांगितलं,

"अस्सल. साफ केलेलं."

गुणवंतरावांनी डोळे मिटले. साफ केलेलं, हा त्या पट्टीवरचा डाग होता, गुन्ह्याची नोंद होती, पट्टीवर ती येणार हे कुलदीपने प्रदर्शनातच सांगून ठेवलं होतं. आता सगळा मांडव हसणार.

पण मांडवात सगळे धानवाले बसले होते. आयुष्यभर त्यांनी केंद्रावर हेच दोन शब्द ऐकायची वाट पाहिली होती. अस्सल! आणि वर साफ केलेलं! म्हाताऱ्यांच्या माना डोलू लागल्या. कोणी म्हणालं, सरकारी शिक्का दिसते. कोणी म्हणालं, ग्रेड एच्याही वरचा असेल, म्हणून तर काचेत घातला. डबी हातोहात फिरली, आणि राणीच्या नाकाकडे कोणी पाहिलंही नाही.

 चंचलने कमरेची पिशवी उघडली, सुती फडकं काढलं, आणि आपली राणी त्या डबीशेजारी धरली. मोरपंखी, निळी-जांभळी, टांकसाळीतून निघाल्यावर कोणीही न छळलेली राणी. तिच्या चेहऱ्यावर प्रथमच आपल्या रुपयाची लाज उतरली.

"भाऊजी," ती हळूच म्हणाली, "मायाबी असाच करून द्या न. तुमी कायनं साफ केला?"

 गुणवंतरावांनी खरं सांगायला सुरुवात केली. हा असाच चांगला आहे, याला हात लावू नको, चिंचेने, राखेने घासणं ही माझी चूक झाली. चंचल ऐकत गेली आणि तिचं तोंड फुगत गेलं.

"समजलं मले," ती म्हणाली. "बाईच्या रुपयाले ग्रेड ए, अन् साळीच्या रुपयाले साधारण. राहू द्या. चिंच मांडवातबी हाये, राखबी हाये."

आणि ती खरंच स्वयंपाकाच्या मांडवाकडे वळली.  तेवढ्यात रंभाबाईने बहिणीचा हात धरला, तिच्या मुठीतली राणी फडक्यासकट काढून घेतली आणि पदराच्या गाठीत घट्ट बांधली.

"दे इकडे," ती मायेने म्हणाली. "मी करून घेतो त्याईच्याकडून. बहीण मागते अन् देणार नाई, असं कसं?"

चंचलने तिला मिठी मारली. दोघी बहिणी आईच्या आठवणीने रडल्या. ओटीत डबी तशीच राहिली.

परतीच्या एसटीत खिडकीतून मोहाचा वास येत होता. रंभाबाई पदराच्या गाठीवर हात ठेवून, डोळे मिटून बसली होती.  गुणवंतरावांनी दबक्या आवाजात विचारलं की, चंचलचा फोन आला तर काय सांगायचं?

"मशीन बिघडली म्हणा. पार्ट नागपूरवरून याचा हाये."

"कधीपर्यंत?"

"आपण हावो तोपर्यंत."

थोडं पुढे गेल्यावर त्यांना राहवलं नाही. एकदा पाहू दे, म्हणाले, नुसतं पाहतो, झाक कशी आहे तेवढं. आणि त्यांचा हात आपोआप पुढे गेला, तळवा वर करून, जसा तो आयुष्यभर पोत्यापुढे गेला होता.

रंभाबाईने डोळे न उघडता गाठ दुसऱ्या कुशीला घेतली.

"तुमी आपलं धान पाहा जी."